आमच्यानंतर कोण? : विशेष मुलांच्या पालकांनी घडवलेला महाराष्ट्राचा इतिहास

महाराष्ट्रातल्या सामाजिक चळवळींचा इतिहास शाळेत शिकवतात तेव्हा त्यात सत्यशोधक येतात, गिरणी कामगार येतात, संयुक्त महाराष्ट्र येतो. एका चळवळीचा मात्र त्यात उल्लेख नसतो. तिला झेंडा नव्हता, ठरलेली घोषणा नव्हती, मोर्चेही फारसे नव्हते. तिच्या बैठका कुणाच्या तरी घरच्या बाहेरच्या खोलीत व्हायच्या आणि तिचे कार्यकर्ते वेळेवर निघून जायचे, कारण घरी एक मूल वाट पाहत असायचं. ज्यांच्या मुलांना तेव्हा 'मतिमंद' म्हणत, अशा आईवडिलांची ही चळवळ.

आज तुमच्या जिल्ह्यात विशेष शाळा असेल, कलेक्टर कचेरीत पालकत्वाचा अर्ज घेतला जात असेल, शेजारच्या मुलाकडे दिव्यांग प्रमाणपत्र असेल, तर त्यामागे कुठे ना कुठे एखाद्या आईचा किंवा बापाचा हट्ट आहे. सरकारने आपण होऊन सुरू केलेलं यात कमी आहे. पालकांनी आधी करून दाखवलं आणि सरकार मागून आलं, हा क्रम पुन्हापुन्हा दिसतो. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण काम अजून पुरं झालेलं नाही.

वेड्यांच्या कायद्यात अडकलेली मुलं

आधी कायद्यात या मुलांची जागा काय होती ते पाहू. ब्रिटिशांनी 1912 साली जो 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट' केला, त्यात 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच जन्मापासून बुद्धीची वाढ कमी झालेली माणसं बसवली होती. म्हणजे मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेलं मूल, दोघं कायद्याच्या लेखी एकच. घरच्यांना सांभाळणं जमलं नाही तर ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर इथली मनोरुग्णालयं होती. तिथे शिक्षण नव्हतं, होती ती कोठडी.

अंध आणि मूकबधिर मुलांचं त्या मानाने बरं चाललं होतं. मुंबईत मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यातच निघाली. 1900 च्या सुमारास दादरची अंधशाळा आणि पाठोपाठ ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली. मिशनरी आणि दानशूर शेटजी या कामात होते. अंध मुलाला ब्रेल शिकवली, वेत विणायला शिकवलं, की त्याचा 'उपयोग' दिसायचा. बुद्धीनेच मागे असलेल्या मुलाला शिकवून काय मिळणार, असा साधा हिशेब होता. त्यामुळे या मुलांच्या वाट्याला शाळा यायला आणखी चार दशकं गेली.

1941 साली मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला अशा मुलांसाठी निवासी गृह सुरू केलं. देशातल्या या प्रकारच्या सुरुवातीच्या संस्थांमध्ये ते मोडतं. पण तिथे येणारी मुलं बहुतेक रस्त्यावर सापडलेली, कोर्टाने पाठवलेली. ज्या मुलांना घर होतं, आईबाप होते, त्यांनी कुठे जायचं?

घरातली शाळा

उत्तर 1944 साली मुंबईतल्याच एका पारशी घरातून आलं. जय वकील आणि होरमसजी वकील यांच्या मुलीला, दीनाला, डाउन सिंड्रोम होता. तिला घेणारी शाळा नव्हती, म्हणून जयबाईंनी घरातच शाळा मांडली. दीनासारखी आणखी मुलं तिथे येऊ लागली. हीच पुढे शिवडीची 'जय वकील' शाळा झाली आणि आज ती देशातल्या या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक आहे.

यानंतरची तीस-चाळीस वर्षं ही गोष्ट वेगवेगळ्या गावांत थोड्याफार फरकाने घडत राहिली. पुण्यात 1964 साली सिंधुताई जोशींनी 'कामायनी' सुरू केली. नाशिकमध्ये रजनी लिमये या शिक्षिकेने 1977 साली 'प्रबोधिनी विद्यामंदिर' काढलं; त्यांचा स्वतःचा मुलगा याच मुलांपैकी होता. मुंबईत मिठू अलूर यांची मुलगी मालिनी 1966 साली सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. अलूर इंग्लंडला जाऊन विशेष शिक्षण शिकल्या आणि 1972 साली कुलाब्यात तीन मुलांना घेऊन त्यांनी 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली. अभिनेत्री नर्गिस या संस्थेच्या पाठीशी अगदी सुरुवातीपासून उभ्या राहिल्या. मालिनी चिब पुढे झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये दोनदा एम. ए. झाल्या आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नावच 'वन लिटिल फिंगर'.

या सगळ्या शाळांचा पाया एकसारखा आहे. जागा उसनी किंवा घरची. विद्यार्थी चार-पाच. शिक्षिका बहुतेक वेळा आईच, नाहीतर ओळखीतली बाई. अभ्यासक्रम अनुभवातून बनवलेला: बटण लावणं, पाण्याचा ग्लास न सांडता धरणं, स्वतःचं नाव ऐकल्यावर मान वळवणं. शाळेने मुलाइतकंच घरालाही काहीतरी दिलं. सकाळचे चार-पाच तास आईचे हात मोकळे झाले आणि शाळेच्या फाटकाशी तिला तिच्यासारखीच दुसरी आई भेटली. 'तुमचा रात्री झोपतो का हो?' हा प्रश्न शेजारणीला विचारून उपयोग नव्हता. इथे तो विचारता येत होता.

फाटकाबाहेरच्या या गप्पांना इतिहासात नोंद नसते. पण पुढचं सगळं तिथून निघालं.

अठरा वर्षं पूर्ण

शाळा निघाल्या, हळूहळू सरकारी अनुदानही मिळू लागलं. मग एक नवी भिंत समोर आली, ती वयाची. विशेष शाळेचं अनुदान अठरा वर्षांपर्यंत. बालगृहात राहायचं तेही अठरापर्यंत. इतर घरांत अठरावा वाढदिवस म्हणजे मतदान आणि लायसन्स. या घरांत तो दिवस म्हणजे मूल परत घरी. शरीराने जवान, समजेने कदाचित पाच वर्षांचं आणि आईवडील पन्नाशीच्या पुढे.

दुसरी अडचण कायद्याची होती आणि ती अधिक चमत्कारिक होती. अठरा वर्षांखालच्या मुलाचे आईवडील हे त्याचे नैसर्गिक पालक. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने तो सज्ञान. मग त्याच्या बँक खात्यावर सही कोण करणार? ऑपरेशनला संमती कोण देणार? वडिलांच्या माघारी त्याच्या वाट्याचा फ्लॅट कुणी सांभाळायचा? 1912 च्या कायद्यात निदान कोर्टाकडून पालक नेमून घेण्याची सोय होती, जरी त्यासाठी स्वतःच्या लेकराला कागदावर 'वेडा' ठरवावं लागत होतं. 1987 साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि 1993 पासून तो लागू झाला. त्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली. तत्त्व म्हणून हे अगदी बरोबर होतं, कारण ही मुलं रुग्ण नव्हतीच. पण जुनं दार बंद करताना कुणी नवं दार ठेवलं नाही. काही वर्षं देशात अशी स्थिती होती, की सज्ञान पण स्वतःचे व्यवहार करू न शकणाऱ्या या माणसांना पालक नेमण्याचा सरळ कायदेशीर रस्ताच उरला नव्हता.

याच काळात मराठी रंगभूमीवर जयवंत दळवींचं 'नातीगोती' आलं. मुंबईतलं मध्यमवर्गीय नोकरदार जोडपं आणि त्यांचा वाढत्या वयाचा मतिमंद मुलगा बच्चू. अतुल परचुरे यांनी केलेला बच्चू आजही लोकांना आठवतो. कुटुंबात काय घडतं, नवरा-बायकोत काय तुटतं, मुलगा वयात येतो म्हणजे काय होतं, हे तोवर चारचौघांत बोललं जात नव्हतं. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ते उघड मांडलं गेलं.

पालक एकत्र येतात

1990 साली माधवराव गोरे यांनी इतर पालकांना सोबत घेऊन 'आधार' ही संस्था सुरू केली. पुढे बदलापूरला तिचं निवासी केंद्र उभं राहिलं. विचार सरळ होता: शाळा आहेत, पण शाळेनंतर काय? प्रौढ झालेल्या मुलांना कायमचं राहायला जागा हवी. तिथे काम हवं, औषध हवं, आपल्यासारखी माणसं हवीत आणि आईवडील गेले तरी ती जागा टिकायला हवी. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभं केलं. मुळशी तालुक्यात कोळवणला मेधा टेंगशे आणि सहकाऱ्यांनी 1994 साली 'साधना व्हिलेज' सुरू केलं. तिथे बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ आणि कार्यकर्ते एका घरात, एका पंक्तीला राहतात.

या संस्था का हव्या होत्या, हे त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लख्ख दिसलं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. स्त्री संघटनांनी रान उठवलं आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहून आली. हे अमानुष आहे, असं एक बाजू म्हणत होती. दुसऱ्या बाजूला काही पालकही होते, ज्यांचं म्हणणं होतं, की तुम्ही एक महिना आमच्या घरी राहून बघा. त्या वादातून दोन गोष्टी वर आल्या. या मुलींच्या शरीराबद्दल त्यांच्या वतीने कोण निर्णय घेणार, हे कायद्यात धड ठरलेलं नव्हतं. आणि सांभाळणाऱ्या हातांना मदत नसेल, तर शेवटी सांभाळल्या जाणाऱ्या शरीरावरच सुरी चालते.

1995 साली देशभरातल्या पालक संघटनांनी मिळून 'परिवार' हा राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्याच वर्षी अपंग व्यक्तींचा पहिला मोठा कायदा झाला. त्याच्या यादीत सात प्रकारचं अपंगत्व होतं. मतिमंदत्व होतं, ऑटिझम नव्हतं. ऑटिझमसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा छान शब्द तयार होता, पण सरकारच्या यादीत त्याला जागा नव्हती. त्या मुलांच्या आईवडिलांना तालुक्याच्या ठिकाणाहून 'असं काही नसतं' हे उत्तर घेऊन परतावं लागायचं.

पालकांचा रेटा चालूच राहिला आणि 1999 च्या डिसेंबरात संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी तो आहे. त्याची सगळ्यात मोलाची देणगी म्हणजे जिल्ह्याची स्थानिक समिती. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, अशी तीन माणसांची ही समिती. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार तिच्याकडे आला. हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवायची गरज उरली नाही, वकिलाशिवाय अर्ज करता येऊ लागला. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा, असंही बंधन घातलं. काकाने पुतण्याची जमीन गिळू नये, यासाठी हे कुलूप. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात एक लाखापर्यंतच्या खर्चाला संरक्षण मिळतं आणि थेरपीचाही त्यात समावेश आहे. खासगी विमा कंपन्यांनी या मुलांना दारात उभं केलं नव्हतं, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की तिचं महत्त्व कळतं.

वज्झरचा बाप

हा सगळा इतिहास ज्यांना आईवडील होते त्यांचा. ज्यांना टाकून दिलं गेलं त्यांचं काय, याचं उत्तर विदर्भात सापडतं. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वज्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यांवर, रेल्वे स्टेशनांवर, कचराकुंड्यांत टाकलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुलं सांभाळली. 123 मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. नियमाने अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर काढायचं म्हणजे या मुलांना दुसऱ्यांदा टाकायचं, म्हणून त्यांनी ते नाकारलं आणि अठरानंतरही पुनर्वसनाची सोय करणारा कायदा व्हावा ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची अंध लेक माला पापळकर एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. बातमी सगळ्यांच्या स्टेटसवर झळकली. मागणी मात्र तिथेच आहे.

कागदावरचं आणि दारातलं

गेल्या दहा-बारा वर्षांत कागद झपाट्याने बदलला. 6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात झाली ती आपल्या पालघरमधून. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी करून वाढीतला उशीर लवकर ओळखायचा आणि जिल्ह्याच्या केंद्रात उपचार द्यायचे, अशी ती रचना. 2016 साली नवा दिव्यांग हक्क कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि ऑटिझमला, शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींना अखेर यादीत स्वतःची ओळ मिळाली. सहा ते अठरा वयोगटाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. 3 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. शेजारच्या गोव्यात जानेवारी 2023 मध्ये पणजीला 'पर्पल फेस्ट' भरला आणि दिव्यांग मुलं घेऊन आलेली कुटुंबं एखाद्या महोत्सवाच्या मधोमध दिसली. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दिव्यांग मुलाच्या नोकरदार आईला बालसंगोपन रजा नाकारणं घटनेशी सुसंगत नाही.

शब्दही बदलले. मतिमंदचं 'विशेष' झालं, अपंगचं 'दिव्यांग' झालं. अनेक पालकांना दिव्यांग हा शब्द आवडतो, अनेकांना तो खुपतो. दिव्य काही नको, रॅम्प द्या, असं ते म्हणतात. शब्दावरून भांडण चालू असताना लेकराला कडेवर घेऊन प्रमाणपत्राच्या रांगेत उभी असलेली बाई हे दोन्ही शब्द न वापरता नुसतं 'माझं पोरगं' म्हणते.

इथे या इतिहासातली मोठी फट मान्य करायला हवी. वर आलेली बहुतेक नावं मुंबई, पुणे, नाशिक, ठाणे इथली आहेत. शिकलेले, पगारदार, बहुतांशी उच्चवर्णीय पालक या चळवळीच्या पुढे होते, कारण संस्था नोंदवायला, ट्रस्ट करायला, मंत्रालयात खेटे घालायला लागणारा वेळ आणि भाषा त्यांच्याकडे होती. ऊसतोड कामगाराच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी असेल, तर तो सहा महिने कारखान्याच्या फडावर आणि सहा महिने गावी असतो. फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा कुठे घ्यायची? त्याचा आधार म्हणजे आजी. ती थकली की शाळेतून काढलेली थोरली बहीण. त्या बहिणीचं शिक्षण बुडालं, याची नोंद अपंगत्वाच्या कुठल्याही आकड्यात येत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांना सांभाळणारे किती, हा रकाना त्या अर्जात नव्हताच.

तरी गावपातळीवर काही धागे आहेत आणि ते फार कमी लोकांना माहीत असतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो अनेक ठिकाणी वर्षाअखेरीला घाईने उरकला जातो, कुठे पडून राहतो. ग्रामसभेत उभं राहून 'या वर्षीचे पाच टक्के कुठे गेले?' एवढं विचारता येतं. संजय गांधी निराधार योजना 1980 पासून चालू आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, मात्र त्यासाठी त्याचं नाव आणि कागद आधीच नोंदवलेले असावे लागतात. हे वडील गेल्यावर कळलं, तर धावपळ दुप्पट होते.

पुढची पाळी

2014 साली आलेल्या 'यलो' या मराठी चित्रपटात पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत दिसली. डाउन सिंड्रोम असलेली मुलगी पोहते, पदकं आणते, ही गोष्ट लोकांनी डोक्यावर घेतली. अशा गोष्टी हव्यातच. पण बहुतेक मुलं पदक आणत नाहीत. बहुतेक मुलं रोज थोडं शिकतात, थोडं विसरतात आणि मोठी होतात. त्यांच्यासाठी झालेली लढाई ही त्या साध्या, बिनपदकाच्या आयुष्यासाठीची होती.

जयबाईंनी घरात शाळा मांडली त्याला ऐंशी वर्षं उलटून गेली. पहिल्या पिढीच्या पालकांनी शाळा दिल्या, दुसरीने संघटना आणि निवासी घरं दिली, नव्वदच्या दशकातल्या पालकांनी कायदा आणला. त्यांच्यातले बरेच जण आता नाहीत. उरलेले सत्तर-पंचाहत्तरीचे आहेत आणि त्यांची मुलं चाळिशी-पन्नाशीची. 'आमच्यानंतर कोण?' हा त्यांचा प्रश्न सरकारला उद्देशून होता, तसाच तो घरातल्या दुसऱ्या मुलालाही होता. कधी बोलून, बहुतेक वेळा न बोलता.

ते दुसरं मूल आज मोठं झालं आहे. पुण्या-बंगळूरला नोकरी करतंय, लग्नाच्या साइटवर 'भावंडं' या रकान्यात काय लिहावं या विचारात आहे. स्थानिक समितीच्या अर्जावर पुढचा पालक म्हणून त्याचं किंवा तिचं नाव येणार आहे. आईवडिलांना एकमेकांना शोधायला शाळेचं फाटक होतं. भावंडांना तसं फाटक अजून कुणी बांधलेलं नाही. या चळवळीचं पुढचं काम तिथून सुरू होतं आणि त्याची पहिली पायरी फार छोटी आहे: आईवडील हिंडतेफिरते आहेत तोवर प्रमाणपत्र कुठे आहे, विमा चालू आहे का, पेन्शनच्या कागदावर नाव आहे का आणि 'तुझी तयारी आहे का?', एवढे चार प्रश्न घरात मोठ्याने विचारणं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असू शकतं. तेही आत्ताच कळलं, तर दुसरी सोय पाहायला वेळ मिळतो.